शून्यावरचा काटा

काटेवाल्यांच्या तोंडचं एक वाक्य बाजारातल्या सगळ्या दुकानदारांना पाठ होतं. कोणी आपल्या तराजूची तक्रार सांगायला लागलं, की ते तळहात पुढे करून त्याला थांबवायचे. "तुम्ही नका सांगू. मी त्यालाच विचारतो." मग पेटी उघडायची, पांढरे सुती हातमोजे चढवायचे, चिमट्याने एक पितळी वजन उचलून पारड्यात अलगद ठेवायचं आणि डोळे बारीक करून बघत बसायचं. तोवर गिऱ्हाइकं खोळंबली तर खोळंबली. बावीस वर्षं ते वजनकाटे दुरुस्त करत होते, त्याआधी त्यांचे वडील करत होते, आणि त्यांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बायकोसुद्धा रागावली की "काय हो काटेवाले" म्हणायची, आणि ते निमूट ऐकून घ्यायचे.

खाली दुकान आणि वर घर. मधलं छत लाकडी फळ्यांचं. दुकानाच्या मागच्या भिंतीला काचेच्या पेटीत औषधं मोजायचा एक जुना नाजूक तराजू होता. खोलीत कोणी शिंकलं तरी त्याची दांडी हलायची, म्हणून तर तो काचेत. पण वरून जी थरथर यायची तिला काच काय करणार? वर काटेवाल्यांची आठ वर्षांची लेक राहत होती. तिने पलंगावरून उडी मारली की खाली काचेतली पारडी डुलायची. ती शाळेतून आली, दप्तर फेकलं, स्वयंपाकघरात गेली, परत आली, खिडकीत चढली, हे सगळं त्यांना त्या पारड्यांवरून कळायचं. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे.

भिंगरी सहा वर्षांची असताना सुट्टीच्या दिवशी ती बाबांबरोबर कामावर जायची. एकदा बेकरीवाल्याकडून बोलावणं आलं. पिठाची पोती मोजायचा मोठा, तबकडीचा काटा होता. बेकरीवाला कमरेवर हात ठेवून म्हणाला, "तपासणीला साहेब येणार आहेत म्हणून बोलावलं, नाहीतर गरज नव्हती. बघा, कसा शून्यावर ताठ उभा आहे! महिनाभर तसूभर हललेला नाही."

काटेवाले काही बोलायच्या आत भिंगरी काट्यावर चढून उभी राहिली. तबकडीवरचा काटा जागचा हलला नाही.

"बाबा, माझं वजन शून्य!"

भट्टीवरची माणसं पोट धरून हसली. एक जण म्हणाला, "बाईसाहेब, हवेवर जगता वाटतं!" बेकरीवाल्याचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता. आत दात्यांमध्ये महिनोन्महिने पीठ साचून त्याचा दगड झाला होता, आणि महिनाभर हा माणूस अंदाजपंचे पोती घेत होता. काटेवाल्यांनी तो काढला, साफ केला, तेल दिलं. परत येताना त्यांनी लेकीला सांगितलं, "रिकामा काटा शून्यावर उभा राहिला यात काय मोठेपणा? वजन ठेवल्यावर हलला पाहिजे. चुकीचं दाखवणारा परवडला, त्याला सुधारता येतं. अडकलेला सगळ्यांत वाईट. तो बरोबर असल्यासारखा दिसतो."

भिंगरीला शाळेतली कविता दोन ओळींच्या पुढे कधी आठवली नाही. हे मात्र तिच्या डोक्यात कोरलं गेलं. अशा मुलांचं असंच असतं, आपण ठेवायला जातो एक आणि राहतं भलतंच.

शाळेतल्या तक्रारी पहिलीपासून होत्या. बाकावर बसत नाही, दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देत नाही, गणित निम्म्यात सोडून खिडकीबाहेर बघते, डबा शाळेत विसरते, एकदा तर स्वतःचा एक बूट विसरून आली. शेवटी मुलांच्या मनाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. दोन-तीनदा बोलावून, खेळवून, वर्गातल्या बाईंना प्रश्न विचारून त्यांनी सांगितलं की हा एडीएचडी आहे. लक्ष ठरत नाही आणि अंग बसत नाही, तो तिचा हट्ट नाही, तिचा मेंदू तसा बांधलेला आहे. औषध सुरू झालं. वर्गातल्या बाईंनी तिला पुढच्या बाकावर घेतलं आणि दर पंधरा मिनिटांनी फळा पुसायचं काम दिलं. बराच फरक पडला. काटेवाल्यांना तेव्हा हायसं वाटलं होतं. आपणही लहानपणी असेच होतो हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांच्या वडिलांनी त्यांना दुकानात बसवून रोज एक, एकच, वजन पुसायला दिलं होतं, तेव्हा कुठे ते टेकले होते.

मग गेल्या वर्षी काय झालं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कोणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. पहाटे डोळा उघडायचा तो परत मिटायचा नाही. समोर ठेवलेल्या चहावर साय धरायची. काम करताना ते शिट्टी वाजवायचे, जुन्या कुठल्या तरी चालीची एकच ओळ पुन्हा पुन्हा, शेजारचा चांभार कंटाळून "पुढची ओळ कधी येणार?" म्हणून ओरडायचा. ती शिट्टी बंद पडली. उघडलेला काटा समोर घेऊन ते तासभर नुसते बसायचे. छातीवर कोणी तरी पोतं ठेवून गेलंय असं वाटायचं. विचारलं तर म्हणायचे, "थकवा आहे. वय झालं." वय होतं चव्वेचाळीस.

बायको टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांचे चेहरे वाचायची तिला सवय. ती म्हणाली, "अहो, कोणाला तरी दाखवू या."

"मला काय धाड भरलीय? पोरीचं बघ आधी."

आणि पोरीचं वाढत चाललं होतं, निदान त्यांना तसं दिसत होतं. वरून धप्प आवाज आला की पूर्वी ते हसून काचेतल्या पारड्यांकडे बघायचे. आता तो आवाज त्यांच्या डोक्यात घुसायचा. एका रविवारी भिंगरी दुकानात आली, पेटी उघडली आणि दोनशे ग्रॅमचं पितळी वजन उघड्या हाताने उचललं. हे त्या धंद्यातलं महापाप. हाताचा घाम आणि तेल लागलं की वजन बिघडतं. "भिंगरी!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की वजन तिच्या हातून फरशीवर पडलं आणि कडेला खोक पडली. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. पंधरा वर्षं जपलेलं वजन होतं हे खरं, पण वजनं बदलून मिळतात. त्यांनी तिला दुकानात पाय ठेवायला बंदी केली. त्यानंतर ती वर दुप्पट नाचायला लागली, आणि ते दुप्पट ओरडायला लागले. जिना चढताना त्यांच्या पावलांचा आवाज आला की ती आधीच काही तरी पाडून ठेवायची.

दुसरं सत्र सुरू झालं तेव्हा शाळेच्या मोठ्या बाईंनी पत्र पाठवलं. हजेरी, वर्गातला त्रास, घरून आलेली माहिती हे सगळं पाहता मुलीला दूरच्या निवासी शाळेत पाठवण्याचा विचार पालकांनी करावा. तिथे अशा मुलांसाठी खास वर्ग आहेत, मुलं तिथेच राहतात, सुट्टीला घरी येतात. सोबत संमतीचा कागद. डॉक्टरांचा अभिप्राय जोडून सत्र संपायच्या आत परत द्यावा.

"माझी पोर कुठेही जाणार नाही," बायको म्हणाली. "आठ वर्षांची आहे ती."

"तिच्याच भल्याचं आहे."

"तिच्या की आपल्या?"

काटेवाल्यांनी संमतीच्या कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला.

डॉक्टरबाईंनी अभिप्राय लगेच दिला नाही. त्यांनी कागद दिले. अठरा प्रश्न, प्रत्येकासमोर शून्य ते तीन. शून्य म्हणजे कधीच नाही, तीन म्हणजे सतत. दर रविवारी आई एक भरणार, बाबा एक भरणार, शाळेतल्या बाई एक भरणार, कोणी कोणाचा बघायचा नाही. आठ आठवडे. काटेवाल्यांना हे मनापासून पटलं. आकडे! कोणी रडायचं नाही, कोणी भांडायचं नाही, काट्यालाच विचारायचं. ते रविवारी सकाळी दुकानात बसून, पेन्सिलीला टोक करून, एकेक प्रश्न दोनदा वाचून आकडा लिहायचे. पहिल्या आठवड्यात बेरीज एकतीस झाली. मग पस्तीस. मग अडतीस. सहाव्या आठवड्यात चव्वेचाळीस.

चव्वेचाळीसचा आकडा लिहून झाल्यावर त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली. बायकोला सांगितलं नाही. कागद दुमडून वजनांच्या पेटीत, मखमली कप्प्याच्या खाली ठेवून दिला. आता सत्र संपत आलं की द्यायचा, आणि मग घरात शांतता. तो शब्द मनात आला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण सही खोडली नाही.

आठ आठवडे पुरे व्हायच्या आधीच, सहाव्यानंतर, डॉक्टरबाईंनी दोघांना बोलावलं. टेबलावर तिन्ही गठ्ठे ठेवले होते.

"गंमत बघा," त्या म्हणाल्या. "शाळेतल्या बाईंचे आकडे सत्तावीस, सव्वीस, अठ्ठावीस. तिथेच आहेत. आईंचे एकोणतीस, तीस. तेही जवळजवळ तिथेच. तुमचे मात्र एकतीसवरून चव्वेचाळीसवर गेलेत."

"बाईंच्या वर्गात चाळीस पोरं आहेत. त्यांना काय दिसणार?" काटेवाले म्हणाले. "आणि ही दिवसभर टपालात. मी घरात असतो. माझ्या वाचनात चूक होत नाही, डॉक्टर. माझा धंदाच तो आहे."



"चूक म्हणत नाही मी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घरी, तुमच्यासमोर ती खरंच जास्त बिघडत असेल. ते का, हे बघायला हवं. गेल्या वेळी मी दोघांनाही स्वतःबद्दल एक कागद दिला होता. दहा प्रश्नांचा. सगळ्याच आईबाबांना देते. हा तुमचा." त्यांनी कागद फिरवून त्यांच्यापुढे केला. दहाच्या दहा चौकटींत शून्य होतं, एकसारखं, गोल, सुबक.

"हो. मी शून्यावर आहे," काटेवाले म्हणाले, आणि हे सांगताना त्यांची मान जरा ताठच झाली.

डॉक्टरबाईंनी वाद घातला नाही. एक कोरा कागद काढला. "हा पुन्हा भरून आणा. घाई नाही. शाळेला अभिप्राय त्यानंतरच देईन. आणि एक ऐकून ठेवा. तिचा एडीएचडी तुमच्यामुळे झालेला नाही, कोणामुळेच नाही. पण अशा मुलांना मोठ्या माणसाच्या मनातली कुरबुर लवकर लागते. माणूस आतून दमलेला असला की त्याला मुलाचं सगळं जास्त दिसतं, आणि त्याच्याकडून मूल सांभाळलंही कमी जातं. मग मूल आणखी उसळतं, आणि माणूस आणखी दमतो. हे चाक कुठून तरी थांबवावं लागतं. मोठ्याकडून थांबवणं सोपं असतं."

घरी येताना बायको एवढंच म्हणाली, "आपलं ठेवायचं झाकून." म्हणीचा उरलेला अर्धा भाग तिने बोलून दाखवला नाही. काटेवाल्यांना तो ठाऊक होता.

कोरा कागदही पेटीत गेला, त्या दुसऱ्या कागदाच्या शेजारी.

पुढच्या शनिवारी शाळेला सुट्टी होती आणि टपाल कचेरी चालू होती. दुपारी तीनच्या सुमाराला काटेवाले औषधवाल्याचा आकड्यांचा काटा उघडून बसले होते. आतली तार बदलायची होती. ते नेहमीसारखे नुसते त्या तारेकडे बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे. आणि त्यांच्या लक्षात आलं की काचेतली पारडी स्थिर आहेत. वर काहीच हलत नव्हतं. ज्याच्या घरात भिंगरी आहे त्याला शांततेची भीती वाटते. ते उठायला लागले तर मागून कागदाची सळसळ ऐकू आली.

भिंगरी मागच्या दाराने दुकानात आली होती. जमिनीवर मांडी घालून बसली होती, पेटी समोर उघडी, आणि हातांत बाबांचे पांढरे हातमोजे, कोपरापर्यंत आलेले. बोटांची टोकं रिकामी लोंबत होती. वजनं चिमट्याने एकेक बाहेर काढून तिने फडक्यावर ओळीने मांडली होती. खोक पडलेल्या वजनापाशी तिने फडक्याचा एक कोपरा दुमडून त्याला उशी केली होती. मखमली कप्पा बाजूला होता.

"मी उघडा हात लावला नाही," ती घाईने म्हणाली. "एकालाही नाही. बाबा, मी फक्त बघत होते की त्याला अजून लागलंय का."

त्यांच्या घशात आलेली हाक तिथेच थांबली. हातमोज्यांमुळे थांबली असेल, किंवा त्या उशीमुळे.

"आणि हे सापडलं," ती म्हणाली. तिच्या मांडीवर दोन्ही कागद होते. भिंगरीला वाचायला दिलेलं वाचवत नाही, पण लपवलेलं असलं की घडाघडा वाचते. "हा शाळेचा आहे. निवासी म्हणजे तिथेच राहायचं ना? रोज घरी यायचं नाही?"

"रोज नाही."

"आणि ही तुझी सही."

"हो."

तिने हं केलं. रडली नाही. रडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. तिने दुसरा कागद वर घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली, बोट ओळीखाली सरकवत, हातमोज्याचं रिकामं टोक पुढे पुढे पळत. "गेल्या दोन आठवड्यांत. झोप नीट लागली नाही. शून्य, एक, दोन, तीन. बाबा, हे माझं आहे का?"

"माझं आहे."

"मग तू तीन. तू पहाटे गच्चीत असतोस. मला तुझ्या चपला ऐकू येतात." तिने पुढचं वाचलं. "पूर्वी आवडायच्या त्या गोष्टी कराव्याशा वाटत नाहीत. तू शिट्टी वाजवत नाहीस. चांभारकाका पण म्हणत होते, आता ती एक ओळ पण गेली. तीन." पुढचं. "लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होते." इथे ती थांबली आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तीन." मग आणखी खालचं वाचलं, हळू. "आपल्यामुळे घरच्यांना त्रास होतो असं वाटतं. हे तुला वाटतं, बाबा? मला वाटतं."

काटेवाले स्टुलावरून उतरून तिच्यासमोर जमिनीवर बसले. बावीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या वेळी ते कधी जमिनीवर बसले नव्हते, आणि औषधवाल्याने काटा आजच मागितला होता.

"डॉक्टरबाईंना मी सगळीकडे शून्य लिहून दिलं होतं," ते म्हणाले.

"सगळीकडे?" भिंगरीने मान वर केली. "मग अडकलायस."

"काय?"

"तूच म्हणालास ना. बेकरीत. मी उभी राहिले तरी शून्यच." मग तिने तो शाळेचा कागद उचलला, सहीवर बोट ठेवलं, आणि अगदी व्यवहाराचं विचारावं तसं विचारलं, "बाबा, मी तिकडे गेले की तू खरा शून्यावर येशील का? मग मी जाते."

काटेवाल्यांना रडू आलं. शेवटचे ते कधी रडले होते हे त्यांना आठवत नव्हतं. वडील गेले तेव्हाही ते वजनं पुसत बसले होते. हुंदका दाबायला गेले तर तो दुप्पट मोठा बाहेर आला. भिंगरी थोडी घाबरली, मग गुडघ्यांवर सरकत पुढे आली आणि हातमोजा घातलेल्या हातानेच त्यांचे गाल पुसायला लागली. सुती हातमोजे छान भिजले.

"नाही," ते म्हणाले. "तू गेलीस तर मी आणखी बिघडेन. तुझं वजन नाही हे, भिंगरे. हे माझं मलाच झालंय. ते मी औषध घेऊन, बाईंशी बोलून नीट करायचं. तू कुठेही जायचं नाहीस."

"मग हा कागद?"

"मी चुकून सही केली."

"पेन्सिलीने केली असतीस तर खोडता आली असती," ती म्हणाली, आणि काटेवाले रडता रडता हसले.

त्यांनी तिला पेन्सिल दिली. दहाही प्रश्न दोघांनी मिळून भरले. ती वाचायची, ते आकडा सांगायचे, ती लिहायची. मध्येच ती दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आली, एकदा वजनांची ओळ पुन्हा मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावली, एकदा औषधवाल्याचा नोकर आला त्याला "बाबा कामात आहेत" म्हणून परत पाठवलं. दोन ठिकाणी ते एक म्हणाले तेव्हा तिने लिहिलंच नाही, नुसती बघत राहिली, आणि त्यांनी निमूट दोन सांगितलं. बेरीज तेवीस आली.

संध्याकाळी बायको घरी आल्यावर त्यांनी तिला सही केलेला कागद दाखवला. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्यांचं काही म्हणणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने कचेरीतून अर्धी रजा घेतली, चप्पल घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चला काटेवाले. बाईंनी चारला बोलावलंय."

डॉक्टरबाईंनी कागद हातात घेतला. आकडे वेडेवाकडे होते, तीन कुठे उलटा होता, एका कोपऱ्यात तराजूचं चित्रही होतं.

"हे कोणी भरलं?"

"अक्षर मुलीचं आहे," काटेवाले म्हणाले. "आकडे माझे."

बाईंनी ते सगळे वाचले, मग त्यांना मोठ्यांच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. शाळेला लिहिलं की मुलीने आहे त्याच वर्गात राहावं, औषध वाढवायची गरज नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. संमतीचा कागद बायकोने स्वतःच्या हाताने फाडला. टपालातल्या माणसाने कागद फाडायचा म्हणजे काय, तिलाच ठाऊक.

लगेच काही नीट झालं नाही. काटेवाल्यांच्या गोळ्यांना लागू पडायला दीड महिना लागला, आणि पहिल्या पंधरा दिवसांत त्यांना सारखी मळमळ व्हायची, त्यावरून त्यांनी त्या डॉक्टरांना भरपूर नावं ठेवली. आठवड्यातून एकदा ते एका माणसासमोर बसून बोलायला जात, आणि पहिले तीन आठवडे तिथे फक्त वजनकाट्यांबद्दल बोलले. भिंगरी भिंगरीच राहिली. तिने डबा विसरला, दुसरा बूटही विसरून पाहिला. पण दुकानाची बंदी उठली. रविवारी सकाळी तिला एक वजन पुसायला मिळायचं, एकच. जिन्यावर बाबांची पावलं वाजली तर ती आता काही पाडायची नाही, धावत खाली यायची. शाळेतल्या बाईंनी भरलेल्या कागदावर चौथ्या महिन्यात बावीस आले, आईच्या कागदावर तेवीस, आणि बाबांच्या कागदावर पंचवीस. तिघांचे आकडे इतके जवळ आलेले बघून काटेवाले बराच वेळ तो कागद हातात धरून बसले.

आता त्यांनी एक नियम केला होता. रविवारी आधी स्वतःचा कागद भरायचा, मग लेकीचा. मोजायच्या आधी काटा तपासतात तसा. आणि तपासणी भिंगरी करायची. तपासणीचे साहेब लोक करतात तशी, हात मागे बांधून, भुवया चढवून.

सहाव्या महिन्यात एका रविवारी तिने कागद घेतला आणि भुवया खाली आल्या. झोपेपुढे दोन होतं. थकव्यापुढे एक. पण दुसऱ्या ओळीत, आवडायच्या त्या गोष्टींपुढे, शून्य होतं.

"हे शून्य?" ती म्हणाली.

"शून्य," काटेवाले म्हणाले.

"खरं, की अडकलंय?"

"ते तू ठरव."

भिंगरीने थोडा विचार केला. मग ती पेटीपाशी गेली आणि त्यांच्या डोळ्यांत बघत, उघड्या हाताने, खोक पडलेलं दोनशे ग्रॅमचं वजन उचललं. चांगलं मुठीत धरलं. घाम लागेल असं.

काटेवाल्यांचा हात आपोआप पुढे झाला. तोंड उघडलं. मग ते तोंड तसंच थोडं उघडं राहिलं आणि त्यातून आधी हवा आली, मग ती जुनी एक ओळ, तीही बेसूर. शेजारून चांभार ओरडला, "पुढची ओळ!"

भिंगरीने वजन जागेवर ठेवलं, फडक्याने पुसलं, आणि कागदावर खाली, मोठ्या अक्षरांत लिहिलं: हलतो. पास.

मग तिने आपला कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "आता माझं बघ."